परतीचा उंबरठा

धर्मासाठी प्राण देणाऱ्यांची स्मृती प्रत्येक समाज आदराने जतन करतो. त्यांची नावे प्रार्थनेत येतात, त्यांच्या कथा मुलांना सांगितल्या जातात. परंतु त्याच संकटातून जे जिवंत राहिले, मानेवर तलवार टेकलेली असताना ज्यांनी मनात नसलेला एक शब्द उच्चारला आणि वादळ ओसरल्यावर जे खाली मान घालून आपल्या माणसांच्या दारात येऊन उभे राहिले, त्यांचे पुढे काय झाले? इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रश्न सहसा येत नाही. मध्ययुगीन युरोपातील ज्यू समाजाला मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या सोडवावा लागला. त्यांनी तो कसा सोडविला आणि कोठे तो त्यांच्याही हातून सुटला नाही, हे पाहणे आजही बोधप्रद आहे, असे आम्हांस वाटते.

ज्यू म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम कोकणातील बेने इस्रायल मंडळी येतात. अलिबाग, रेवदंडा, नागाव या पट्ट्यात तेलाचे घाणे चालविणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी आणि म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली जाणारी ही माणसे मराठीतच बोलली, मराठीतच हसली-रडली. शेजाऱ्यांनी धर्मापायी छळ केल्याची आठवण त्यांच्या परंपरेत नाही. त्यामुळे त्यांच्याच धर्मबांधवांवर त्याच शतकांत युरोपात काय गुदरले, याची कल्पना आपल्याकडे फारशी कोणास नसते. शाळेत ‘क्रुसेड’ हा विषय आम्ही एका परिच्छेदात शिकवितो: जेरुसलेम सोडविण्यासाठी ख्रिस्ती योद्धे निघाले, एवढेच. त्या योद्ध्यांतील काही टोळ्यांनी पहिली तलवार जेरुसलेममध्ये नव्हे, तर आपल्याच देशात, ऱ्हाइन नदीच्या काठी उपसली, हे त्या परिच्छेदात नसते.

तीन अपवाद

त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी ज्यू धर्मशास्त्र काय सांगते, ते थोडक्यात पाहिले पाहिजे. आपल्याकडे ‘आपद्धर्म’ ही कल्पना आहे. प्राणावर बेतले असता नेहमीचे नियम शिथिल होतात, हे त्यातले तत्त्व. ज्यू परंपरेतही तसेच आहे. ईश्वराचे नियम माणसाने जगावे म्हणून दिलेले आहेत, मरावे म्हणून नव्हेत, असे त्यांचे आचार्य मानीत. रोमन साम्राज्याच्या दडपशाहीत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, लिदा या गावी एका घराच्या माडीवर जमलेल्या आचार्यांनी असा निर्णय दिला की, प्राण वाचविण्यासाठी कोणताही नियम मोडावा; त्यास अपवाद फक्त तीन. परदैवताची पूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि मनुष्यहत्या. या तिहींचा प्रसंग आला तर मरण पत्करावे. अशा मरणास ‘किद्दुश हाशेम’, म्हणजे ईश्वराच्या नामाचे पावित्र्य राखणे, असे म्हणतात.

नियम असा रेखीव होता. परंतु तो संपूर्ण वस्तीवर, बायकापोरांसह, एकाच दिवशी लागू करण्याची वेळ येईल, हे त्या माडीवरील आचार्यांच्या मनात आले असेल असे वाटत नाही.

ऱ्हाइनच्या काठी

२७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधील क्लेर्मों येथे पोप दुसरा अर्बन याने पवित्र भूमी सोडविण्याचे आवाहन केले. सरदारांची शिस्तबद्ध सैन्ये निघण्यापूर्वीच उतावळ्या जमावांनी वाट धरली. दूरच्या शत्रूशी लढावयाचे, तर ख्रिस्ताचे वैरी म्हणून ज्यांना आपण मानतो ते घराशेजारी सुखाने नांदत असताना त्यांना का सोडावे, असा तर्क त्यांच्यात पसरला. त्या तर्काला लुटीच्या लोभाची जोड होती, हे सांगावयास नको.

श्पायर, वॉर्म्स आणि माइन्झ ही ऱ्हाइनकाठची तीन नगरे त्या काळी ज्यू विद्येची माहेरघरे होती. ३ मे १०९६ रोजी श्पायर येथे अकरा ज्यू मारले गेले. तेथील बिशप योहान याने उरलेल्यांस आश्रय दिला आणि हल्लेखोरांपैकी काहींचे हात तोडले. ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. सगळेच ख्रिस्ती धर्माधिकारी एका माळेचे मणी नव्हते. वॉर्म्समध्ये मात्र १८ मे रोजी घरांत राहिलेल्यांची आणि २५ मे रोजी बिशपच्या वाड्यात आश्रय घेतलेल्यांची कत्तल झाली. मृतांचा आकडा हिब्रू बखरी आठशेच्या घरात देतात.

त्यानंतर काउंट एमिखो याचे सैन्य माइन्झच्या वेशीवर आले. आर्चबिशप रुथार्ड याने ज्यूंना आपल्या वाड्यात घेतले होते. पण २७ मे रोजी वेस उघडली गेली आणि तो स्वतःच पळाला. ज्यूंचा प्रमुख कालोनिमुस याच्या नेतृत्वाखाली पुरुषांनी शस्त्रे हाती घेऊन वाड्याचे दार काही काळ रोखून धरले. ते पडल्यावर आत जे घडले, त्याने पुढच्या सर्व पिढ्यांना हादरविले. बाप्तिस्मा किंवा मरण, एवढेच दोन मार्ग उरले असताना शेकडो माणसांनी शत्रूच्या हाती सापडण्यापूर्वी परस्परांचे आणि स्वतःचे प्राण घेतले. राखेल नावाच्या एका स्त्रीला चार मुले होती. ही मुले जिवंत हाती लागली तर परधर्मात वाढविली जातील, या भयाने तिने चौघांचाही अंत केला. धाकटा आरोन पेटीखाली लपला होता. त्यालाही तिने ओढून काढले. जमाव आत शिरला तेव्हा तिच्या बाहीखाली धन दडविले असेल असे त्यांना वाटले. बाही दूर केली तेव्हा दिसली ती मुलांची प्रेते. तिलाही तेथेच मारण्यात आले. माइन्झमध्ये एकंदर हजारावर माणसे गेली.

हे वाचताना कोणाही आईबापाचे काळीज चरकेल. त्या काळच्या ज्यू लेखकांचेही ते चरकले होते. अब्राहाम आपल्या पुत्राचा, इसहाकाचा, बळी देण्यास सिद्ध झाला, पण देवाने ऐनवेळी त्याचा हात थांबविला, ही त्यांच्या धर्मग्रंथातील प्रसिद्ध कथा आहे. माइन्झमध्ये हात कोणी थांबविला नाही, हे दुःख बखरकारांनी आकाशाकडे पाहत मांडले आहे. शास्त्र मरण पत्करण्यास सांगत होते. स्वतःच्या हातांनी लेकरांस मारावे, असे त्यात कोठेच नव्हते. म्हणूनच या कृत्यावर पुढील आचार्यांत दीर्घ वाद झाला. कोणी त्याचे समर्थन केले, कोणी निषेध केला. पण मृतांच्या निष्ठेबद्दल मात्र कोणी शंका घेतली नाही. त्यांची नावे स्मरणग्रंथांत लिहिली गेली आणि त्यांच्यासाठी रचलेली प्रार्थना अनेक सिनेगॉगमधून शब्बाथच्या दिवशी आजही म्हटली जाते.

वाकलेल्यांची गोष्ट

आता दुसरी बाजू पाहू. सगळेच मेले नाहीत. रेगेन्सबुर्ग येथे जमावाने तेथील सर्व ज्यूंना डॅन्यूब नदीत लोटले, पाण्यावर क्रुसाची खूण केली आणि सर्वांचा एकदम बाप्तिस्मा झाला असे जाहीर केले. इतर गावांतही कोणी मुलांसाठी, कोणी म्हाताऱ्या आईसाठी मान तुकविली.

अशांपैकी एक होता माइन्झचा इसहाक बेन दावीद. तो वस्तीचा एक मान्यवर पुढारी. आई आणि मुले वाचावीत म्हणून त्याने बाप्तिस्मा घेतला. परंतु दोन दिवसही त्याला ते सोसवेना. त्याने आपल्या मुलांना सिनेगॉगमध्ये नेऊन त्यांचा अंत केला, घराला आग लावली, मग प्रार्थनामंदिरालाही लावली आणि त्या ज्वाळांत स्वतः जळून गेला. आपल्याला परत येता येईल, असे त्याला वाटलेच नाही.

परतीची वाट खरोखर बंद होती काय? वर्षभरातच तिचा निर्णय झाला. कत्तलींच्या वेळी सम्राट चौथा हेन्री इटलीत होता. परतल्यावर, १०९७ मध्ये, ज्यांचा बाप्तिस्मा सक्तीने झाला त्यांना पुन्हा आपल्या धर्माने वागण्याची त्याने मुभा दिली. ज्यू हे राजाच्या संरक्षणाखालील प्रजाजन असल्याने त्यात राजकोशाचा हिशेब मुळीच नव्हता, असे नाही. परंतु त्यामुळे शेकडो कुटुंबे वाचली. हेन्रीच्याच पाठिंब्याने पोपपदाचा दावा करणाऱ्या तिसऱ्या क्लेमेंटने मात्र या मुभेचा तीव्र निषेध केला.

या निषेधाच्या मुळाशी असलेला कायदा वाचकांनी नीट समजून घ्यावा, कारण पुढच्या पाचशे वर्षांतील दुःखाची किल्ली त्यात आहे. ६३३ मध्ये स्पेनमधील तोलेदो येथे भरलेल्या धर्मपरिषदेने ठरविले होते की, ज्यूंना बळजबरीने ख्रिस्ती करू नये. परंतु ज्यांचा बाप्तिस्मा होऊन चुकला, त्यांना ख्रिस्ती म्हणूनच राहावे लागेल. पुढे पोपांनीही ज्यूंच्या संरक्षणाच्या आज्ञा काढल्या, त्यांत सक्तीच्या बाप्तिस्म्यास मनाई होती. तथापि १२०१ मध्ये पोप तिसरा इनोसंट याने असा बारीक भेद केला की, धाकामुळे का होईना, पण ज्याने बाप्तिस्म्यास रुकार दिला, तो बांधला गेला. सारांश, बळजबरी निषिद्ध होती. बळजबरीचे फळ मात्र कायदेशीर होते. आत जाण्यास एक दार होते, बाहेर येण्यास एकही नव्हते.

ज्यू आचार्यांनी नेमके याच्या उलट केले. त्यांच्या मते ज्यू म्हणून जन्मलेला माणूस पाप करूनही ज्यूच राहतो. नाते तुटतच नाही. माइन्झचे थोर आचार्य गेर्शोम हे क्रुसेडच्या सुमारे सत्तर वर्षे आधीचे. त्यांच्या काळी, १०१२ मध्ये, माइन्झच्या ज्यूंवर हद्दपारीचे संकट आले होते, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा परधर्मात गेला तो परत आलाच नाही, असे परंपरा सांगते. त्याच गेर्शोम यांच्या नावावर एक आज्ञा चालत आली आहे: जो सक्तीने बाटविला गेला आणि परत आला, त्याला त्याच्या गतकाळाची आठवण करून देऊन कोणीही लाजवू नये. या बापाने ही आज्ञा कोणत्या मनाने दिली असेल, ते आम्ही वाचकांवरच सोपवितो.

गेर्शोम यांच्या परंपरेत शिकलेले राशी हे भाष्यकार १०९६ मध्ये फ्रान्समधील त्र्वा या नगरात हयात होते. वॉर्म्स आणि माइन्झ येथेच त्यांचे शिक्षण झाले होते. परतलेल्यांच्या हातची द्राक्षमदिरा चालेल काय, अशी शंका त्यांना विचारण्यात आली. आपल्याकडील पाणी चालणे-न चालणे या प्रकाराशी परिचित असलेल्या वाचकास या प्रश्नाचे मर्म सहज उमगेल. राशींचे उत्तर असे की, त्यांना दूर लोटून लाजवू नये. त्यांनी जे केले ते तलवारीच्या भयाने केले, आणि संधी मिळताच ते धावत परत आले. रेगेन्सबुर्गच्या लोकांविषयी लिहिताना एका बखरकाराने याहून पुढचे पाऊल टाकले. त्यांच्याविषयी वाईट बोलणारा हा प्रत्यक्ष ईश्वराविषयीच वाईट बोलतो, असा त्याचा अभिप्राय आहे. हुतात्म्यांची गाथा लिहिणाऱ्यानेच वाकलेल्यांसाठी ही ढाल धरावी, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

दोन्हीकडे जागा नसलेला माणूस

परंतु प्रत्येकाच्या वाट्याला अशी ढाल आली नाही. ३ सप्टेंबर ११८९ रोजी लंडनमध्ये पहिल्या रिचर्डचा राज्याभिषेक झाला. नजराणे घेऊन आलेल्या ज्यूंवर जमाव तुटून पडला. त्यांत यॉर्कचे दोन धनिक होते, बेनेडिक्ट आणि जॉस. घायाळ बेनेडिक्टचा तेथेच बाप्तिस्मा करण्यात आला आणि त्याचे नाव विल्यम ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी राजाने त्याला समोर बोलावून, तू कोण, असे विचारले. आपण यॉर्कचा ज्यू बेनेडिक्टच आहोत, असे त्याने सांगितले. कँटरबरीचा आर्चबिशप संतापला. पण राजाने त्याला जाऊ दिले. घरी परतताना नॉर्दम्प्टन येथे जखमांनी त्याचा अंत झाला. रॉजर ऑफ हाउडन हा समकालीन इतिहासकार नमूद करतो की, त्याला ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळाली नाही आणि ज्यू दफनभूमीतही नाही. एका दिवसाच्या विल्यमपणाने त्याला दोन्हींकडून परका केले.

त्याचा सोबती जॉस यॉर्कला पोहोचला. सहा महिन्यांनी, १६ मार्च ११९० रोजी, तेथील सुमारे दीडशे ज्यू किल्ल्याच्या लाकडी बुरुजात कोंडले गेले. आचार्य योम तोव यांच्या सांगण्यावरून बहुतेकांनी परस्परांच्या हातून मरण स्वीकारले. त्यांत जॉसही होता. सकाळी उरलेल्या थोड्या लोकांनी बाप्तिस्मा घेण्याची तयारी दाखविली. अभय मिळाल्यावर ते खाली आले आणि दारातच कापले गेले. मग जमाव कॅथिड्रलकडे वळला, कारण कर्जाची कागदपत्रे तेथे ठेवलेली होती. ती सारी जाळण्यात आली. त्या दिवशी धर्माच्या नावाने आरोळ्या ठोकणाऱ्यांत अनेकजण ज्यूंचे ऋणको होते. बुरुजाच्या जागी आज क्लिफर्ड्‌स टॉवर ही दगडी वास्तू उभी आहे. तिच्या पायथ्याशी या मृतांचा स्मृतिफलक बसविण्यास १९७८ साल उजाडावे लागले.

मायमोनिदिस यांचे पत्र

इस्लामी जगातही ज्यूंना सर्वकाळ सारखा गेला नाही. स्पेनमध्ये मुसलमान राजवटीत त्यांनी विद्या आणि वैभव दोन्ही अनुभवले होते. परंतु बाराव्या शतकाच्या मध्यास मोरोक्कोतून आलेल्या अल्मोहाद राजवटीने ११४८ मध्ये कॉर्दोबा घेतले आणि ज्यू व ख्रिस्ती या दोघांपुढेही धर्मांतर, देशत्याग की मरण असा प्रश्न टाकला. कॉर्दोबातच जन्मलेल्या मोशे बेन मायमोन यांचे, म्हणजेच जगप्रसिद्ध मायमोनिदिस यांचे, कुटुंब भटकत भटकत मोरोक्कोतील फेज नगरात आले. तेथील ज्यू वरवर कलमा म्हणत आणि घरात गुपचूप आपल्या प्रार्थना करीत.

एका धर्मपंडिताने निर्णय दिला की, ज्याने एकदा कलमा उच्चारला तो धर्मभ्रष्ट. त्याने घरात केलेली प्रार्थना व्यर्थ, नव्हे पापच. हे ऐकून हजारो लोकांचा धीर खचला. आम्ही उरलोच नसू, तर लपूनछपून तरी धर्म कशाला पाळावा, असा विचार त्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते. तेव्हा ११६५ च्या सुमारास तरुण मायमोनिदिस यांनी उत्तरादाखल एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा: जो मरण पत्करील त्याचे पुण्य थोर आहे. परंतु ज्याला शब्द उच्चारण्यापुरतीच सक्ती होते आणि जो विचारतो की मी मरू की उच्चारू, त्याला मरू नको असेच सांगावे. सक्तीखाली केलेल्या कृत्याने माणूस दुष्ट ठरत नाही आणि त्याने गुपचूप केलेले छोटेसे सत्कृत्यही वाया जात नाही. मात्र अशा देशात सुखासाठी राहू नये. शक्य होताच घरदार सोडून धर्म मोकळेपणी पाळता येईल तेथे जावे. हा उपदेश त्यांनी स्वतःही पाळला. ११६५ मध्ये फेज सोडून ते पॅलेस्टाईनमार्गे इजिप्तला गेले आणि तेथेच पुढे राजवैद्य व ज्यूंचे महान आचार्य झाले. १२०४ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

या पत्रातील समतोल पाहण्यासारखा आहे. हुतात्म्याचा मान कमी न करता त्यांनी वाकलेल्यास उभे केले. आणि त्याला उभे करताना निघण्याच्या कर्तव्यातूनही सोडले नाही.

स्पेन आणि पोर्तुगाल

दोन शतकांनंतर ख्रिस्ती स्पेनमध्ये हा प्रश्न प्रचंड प्रमाणावर उभा राहिला. फेर्रान मार्तिनेझ या धर्माधिकाऱ्याच्या जहाल प्रवचनांनी पेटलेला जमाव जून १३९१ मध्ये सेव्हिलच्या ज्यू वस्तीवर चालून गेला. तो वणवा कॉर्दोबा, तोलेदो, व्हॅलेन्शिया, बार्सिलोना असा पसरत गेला. बार्सिलोनात मारल्या गेलेल्यांत हासदाय क्रेस्कास या तत्त्वज्ञाचा एकुलता मुलगा होता. हजारो मेले, त्याहूनही अधिक लोकांनी बाप्तिस्मा घेतला.

या माणसांना हिब्रूत ‘अनुसीम’ म्हणतात. अनुसीम म्हणजे ज्यांच्यावर सक्ती झाली ते. स्पेनच्या लोकभाषेत त्यांनाच ‘मरानो’, म्हणजे डुक्कर, असे नाव पडले. भाषेच्या अभ्यासकाने थबकून पाहावे असे हे उदाहरण आहे. माणूस एकच, एका भाषेने त्याचे दुःख नावात घेतले, दुसरीने त्याला शिवी दिली.

बाप्तिस्मा घेतल्याने तरी ते सुखी झाले काय? १४४९ मध्ये तोलेदो नगरात असा नियम झाला की, ज्यू वंशातील ख्रिस्त्याला सार्वजनिक अधिकारपद मिळणार नाही. पोपने त्याचा निषेध केला. तरी ‘रक्तशुद्धी’ची ही कल्पना पुढे पसरतच गेली. १४८० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन कामाला लागले. त्याचा अधिकार ज्यूंवर नव्हता, बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवा लागला, शनिवारी धुतलेले कपडे घातले, स्वयंपाकात डुकराची चरबी टाळली, एवढ्या खुणांवरून चौकशी सुरू होई. ३१ मार्च १४९२ रोजी उरलेल्या ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम झाला. अनेकांनी शेजारच्या पोर्तुगालची सीमा ओलांडली.

तेथे त्यांची वाट पाहत होते ते आणखी विपरीत. राजा मानुएल याला स्पेनच्या राजकन्येशी विवाह करावयाचा होता आणि ज्यूंना देशाबाहेर काढावे ही त्यासाठी अट होती. परंतु एवढी उद्यमी प्रजा गमावणेही त्याला नको होते. १४९६ च्या डिसेंबरात त्याने हद्दपारीचा हुकूम काढला आणि १४९७ मध्ये, ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या सुमारास, त्यांची मुले आईबापांपासून ओढून नेऊन त्यांचा बाप्तिस्मा केला. नंतर देश सोडण्यासाठी लिस्बनमध्ये जमलेल्या हजारो लोकांना कोंडून, उपाशी ठेवून त्यांनाही ख्रिस्ती घोषित केले. काही मातापित्यांनी या वेळी मुलांसह स्वतःचा अंत केला, असे पोर्तुगीज इतिहासकारच लिहून गेले आहेत. वीस वर्षे तुमच्या श्रद्धेची चौकशी होणार नाही, असे आश्वासन राजाने दिले. दहा वर्षे होण्यापूर्वीच, एप्रिल १५०६ मध्ये, लिस्बनच्या रस्त्यांत तीन दिवस या ‘नवख्रिस्त्यां’ची कत्तल झाली, तीत सुमारे दोन हजार माणसे मारली गेली. १५३६ मध्ये पोर्तुगालमध्येही इन्क्विझिशन आले.

गोव्यातील अस्थी

येथून हा इतिहास आपल्या अंगणात येतो. स्पेनमधून पळून पोर्तुगालच्या सीमेवरील कास्तेलो द व्हिद या गावी आलेल्या आणि १४९७ मध्ये बाटविल्या गेलेल्या एका कुटुंबात १५०० च्या सुमारास एक मुलगा जन्मला. गार्सिया द ऑर्ता हे त्याचे नाव. सालामांका आणि अल्काला येथे वैद्यक शिकून तो १५३४ मध्ये गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा स्नेह जडला; मुंबई बेट त्याने भाडेपट्ट्याने घेतले; आणि १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने हिंदुस्थानातील वनस्पती आणि औषधे यांची ओळख युरोपला करून दिली. पटकीच्या रोगाचे वर्णन करताना त्याने दिलेले स्थानिक नाव हे आपल्या ‘मोडशी’ शब्दाचेच रूप आहे.

बाहेरून तो प्रतिष्ठित ख्रिस्ती वैद्य होता. आतून तो कोण होता, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६८ मध्ये ऑर्ता वारला. त्याच्या बहिणीला, कातारिनाला, पकडण्यात आले आणि गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जाळण्यात आले. एवढ्याने भागले नाही. ४ डिसेंबर १५८० रोजी ऑर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून जाळल्या गेल्या. जो धर्म त्याने मागितलाच नव्हता, त्याच्याशी द्रोह केल्याचा आरोप त्याच्या हाडांवर सिद्ध झाला!

हाच कायदा पुढे गोव्यातील स्थानिक नवख्रिस्त्यांवरही चालला. १७३६ च्या जाहीरनाम्यात, अंगणात तुळस लावणे, मिठावाचून भात शिजविणे यांसारख्या जुन्या घरगुती चालीही गुन्हे ठरल्या. देव घेऊन नदीपलीकडे गेलेले आणि गावातच राहून बाप्तिस्मा घेतलेले, अशी एकाच कुळाची दोन घरे झाली. कुंकळ्ळीच्या देवीच्या छत्रोत्सवात बारा वांगडांच्या हिंदूंबरोबर ख्रिस्ती कुळेही सहभागी होतात, ही त्या जुन्या नात्याची जिवंत खूण होय. गोव्याचे इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले.

१९८९ मध्ये पोर्तुगालचे अध्यक्ष मारियो सोआरेस यांनी ज्यूंवर झालेल्या छळाबद्दल क्षमा मागितली. त्यासाठी त्यांनी निवडलेले गाव होते कास्तेलो द व्हिद. चारशे ब्याण्णव वर्षांनी मागितलेली क्षमा कोणाच्या कानी पडणार, असे कोणी म्हणेल. तरीही ती मागितली जाणे योग्यच झाले. पणजीत चर्चसमोरच्या नगरपालिकेच्या उद्यानाला गार्सिया द ऑर्ताचे नाव आहे. तेथील बाकावर बसून भेळ खाणाऱ्या मुलांना हे नाव कोणाचे, हे वडीलधाऱ्यांनी एकदा तरी सांगावे.

मोठ्या संकटात सगळी माणसे सारखी धीट नसतात. तशी अपेक्षाही कोणी धरू नये. राखेलच्या हाताला काय वाटले असेल याची कल्पना जशी आपणांस करवत नाही, तशीच इसहाक बेन दावीदने बाप्तिस्म्याच्या पाण्यात मान वाकविताना काय भोगले, याचीही नाही. ज्यू समाज टिकला तो आपल्या हुतात्म्यांच्या तेजाने, हे खरेच आहे. परंतु हुतात्म्यांना वंश उरत नाही. वंश उरला तो वाकलेल्यांचा, पळालेल्यांचा, रात्री दिवा लावून दारे घट्ट मिटणाऱ्यांचा. आणि त्यांच्यासाठी जेथे जेथे उंबरठा मोकळा राहिला, तेथे तेथे तो समाज पुन्हा उभा राहिला. गेर्शोम यांची आज्ञा फार साधी होती: परत आलेल्याला, तो कोठून परत आला, हे विचारू नये. हजार वर्षे झाली, तरी ती पाळणे कोणत्याच समाजाला सोपे गेलेले नाही.